गुरुचा खुराक

रुद्रप्पा एकदा बोलायला लागला की थांबत नसे. पोरीनं राष्ट्रीय स्पर्धेत पंधराशे मीटरचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा तर विचारूच नका. पेपरवाल्यांना त्यानं ठोकून दिलं, "आमचं रक्तच पैलवानाचं. त्यात ल्हानपणापासनं रोज दोन लिटर म्हशीचं दूध आन् मूठभर बदाम दिलं की!" सिद्धेश्वरी शेजारीच उभी होती.

खुराक होता, हे खरं. पण तो गुरुचा, तिच्या थोरल्या भावाचा. घराण्याचं नाव तो काढणार म्हणून सगळं दूध त्याला, आणि पोरीच्या वाट्याला कोरा चहा. दुधाचा डबा तालमीत पोचवायचं काम मात्र तिचं. उशीर झाला तर अप्पा ओरडतील म्हणून ती रोज पळत जायची. पुढं गुरुनं आखाडा सोडून मोबाईलचं दुकान टाकलं. पोरगी पळतच राहिली.

आता तिच्या नडगीचं हाड वर्षात दुसऱ्यांदा चिरलं होतं. नॅशनल कॅम्पला पळायला फिट असल्याचा दाखला हवा होता, म्हणून बापलेक हाडांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते.

"लहानपणी दूध मिळायचं का गं?"

"व्हय मॅडम. लई." सिद्धेश्वरीनं बापाकडं न बघता सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. "मग अवघड आहे. खायला कमी पडून हाडं कच्ची राहिली असती, तर वर्षभरात भरून काढली असती. पण एवढं खाऊनपिऊन ही गत, म्हणजे दोष जन्मतःच असणार. तसं लिहावं लागेल मला. पळणं बंद."

सिद्धेश्वरीनं मान डोलावली. बापाची अब्रू राखायला पोरगी आपले पाय द्यायला निघाली होती, आणि त्या शहाण्याला हे कळायला तेवढा वेळ लागला. लाजेनं मान वर होईना.

"मॅडम, ते लिवू नगा. खोटं हाय. दूध तिला दिलंच न्हाय मी."

"अजिबात?"

"पोराला दिलं. ही नुसती डबा न्यायची."

"किती वर्षं?"

"धा. एकदा वाटंत घोटभर प्याली. डबा कमी भरला म्हणून लई मारलं मी."

बाई लिहू लागल्या. सिद्धेश्वरी बापाकडं वळली आणि हळूच म्हणाली, "प्याले नव्हते, अप्पा. पळताना सांडलं हुतं."