कोऱ्या रकान्याचं काय करायचं

"सिस्टर, सही करा आणि मोकळ्या व्हा," झटपट म्हणाला. "चार लाख ओळी गेल्या, चार लाख परत आल्या. एकही इकडची तिकडे नाही."

झटपट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कुठलंही काम सांगा, "झटपट होईल" म्हणतो आणि बहुतेक वेळा खरंच करून दाखवतो, म्हणून ते चिकटलं. आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीत आम्ही दोघंच. मी सतरा वर्षं वॉर्डात नर्स होते. एका जाडजूड पेशंटला उचलताना पाठीतून कळ गेली आणि वरिष्ठांनी मला या खोलीत आणून बसवलं. बसून खा म्हणाले. मला बसून खायला आवडत नाही. दातओठ खाऊन शिकले. आज अकरा वर्षं झाली, सगळा डेटाबेस माझ्या ताब्यात आहे. गणवेश गेला, 'सिस्टर' तेवढं राहिलं.

डेटाबेस म्हणजे चार लाख पेशंटांची माहिती, नऊ यंत्रांवर विभागून ठेवलेली. कुणाला कुठलं औषध चालत नाही, वजन किती, डोस किती, सगळं. ही माहिती रोज पहाटे हिशोब करणाऱ्या इंजिनाकडे जाते, ते आकडेमोड करतं आणि उत्तरं परत डेटाबेसात येतात. त्यातून प्रत्येक वॉर्डाला धोक्याची यादी जाते: अमक्याला तमकं देऊ नका. कोठार एकीकडे, चूल दुसरीकडे आणि मध्ये ने-आण करणारा हा कनेक्टर. आमचा जुना कनेक्टर प्रामाणिक, पण पाय ओढत चालणारा. यादी वॉर्डात पोचायची साडेदहाला आणि पहिली इंजेक्शनं सुरू व्हायची आठला.

केसपेपरवर असतं की सगळं, असं कुणी म्हणेल. असतं ना! पण केसपेपर एक्स-रेच्या खोलीत आणि पेशंट गुंगीत, असं रोज कुठेतरी असतंच. गेल्या महिन्यात एका बाईला नको ते इंजेक्शन गेलं. ओठ सुजले, श्वास कोंडला. वॉर्डातली नर्स तयारीची होती म्हणून बाई वाचली. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टर, दुसऱ्याच दिवशी खाली आल्या. "यादी सातला पाहिजे. कनेक्टर कुठला ते तुम्ही ठरवा. निवड तुमची, सही तुमची."

नवा कनेक्टर पाच तासांचं काम चाळीस मिनिटांत करत होता. बुधवारच्या बैठकीत मी "बघते" म्हणाले, तर कुणीतरी हसून म्हणालं, "वय झालं की माणसाला नवीन नको वाटतं." झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथल्या तिथे मी नव्याला होकार देऊन टाकला. रागाच्या भरात निवड केली माझ्यासारख्या बाईनं, काय बोलायचं?

म्हणून शनिवारी दुपारी झटपटनं कागद पुढे केला तेव्हा पेनाचं टोपण काढलेलं होतं. नव्या कनेक्टरची चाचणी डेटाबेसच्या नकलेवर झाली होती. सोमवारी खऱ्यावर लावायचा.

"आधी वाचते," मी म्हटलं.

त्यानं कपाळावर हात मारला. "तुमचं ते बेडवार वाचन? सिस्टर, यंत्रानं मोजलंय."

"मोजलंय. वाचलं नाही."

वॉर्डात पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेक बेड मोठ्यानं वाचून दाखवते. नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून पर्स उचलता येत नाही. ती सवय मी या खोलीत आणली. कुठलाही बदल झाला की पंचवीस पेशंट मी मोठ्यानं वाचते आणि समोरच्यानं मूळ प्रत धरून बसायचं. झटपट याला आरती म्हणतो. त्या दिवशीही तो मूळ प्रतीचा कागद घेऊन जांभया देत बसला.

"पहिला. वजन बासष्ट, डोस बरोबर, ॲलर्जी कोरी."

"हं."

"दुसरी. वजन अठ्ठेचाळीस, ॲलर्जी कोरी."

"हं, पुढे."

"तिसरा. वजन सत्तर, ॲलर्जी कोरी."

पुढे 'हं' आलं नाही. मी मान वर केली. झटपट कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"सिस्टर, माझ्याकडे तिसऱ्याला पेनिसिलीन लिहिलंय."

"आणि दुसरीला?"

"सल्फा." त्याचा आवाज एवढासा झाला. "मी नीट बघत नव्हतो."

पंचवीसपैकी नऊ जणांना मूळ प्रतीत काही ना काही चालत नव्हतं. नकलेत नऊच्या नऊ कोरे.

कारण सापडायला अर्धा तास लागला. इंजिनानं फक्त वजन आणि डोस यांचा हिशोब केला होता. ॲलर्जीच्या रकान्याला त्यानं हातच लावला नव्हता, म्हणून परत पाठवताना तो कोरा होता. जुना कनेक्टर कोऱ्या रकान्याच्या वाटेला जात नसे, भरलेलं तेवढंच लिहायचा. हा नवा शहाणा कोरेपणासुद्धा उचलून आणत होता आणि भरलेल्या माहितीवर थापत होता. ओळी तेवढ्याच राहिल्या, म्हणून मोजणी जुळली.

"अरे, कोरं म्हणजे 'काही नाही' नव्हे!" मी ओरडलेच. "कोरं म्हणजे 'आम्हाला माहीत नाही'. शिकत असताना रकाना कोरा सोडला की आमच्या मेट्रन म्हणायच्या, रिकामा रकाना आणि रिकामं डोकं, दोन्ही पेशंटला मारतात."

त्यानं हातातला कागद खाली ठेवला. "सोमवारी मी हा खऱ्यावर लावणार होतो," म्हणाला.

"आणि मी सही करणार होते."

चार लाख माणसं. कुणीतरी कधीतरी खाटेशी उभं राहून विचारलेलं, लिहून घेतलेलं. एका पहाटेत चाळीस मिनिटांत सगळं साफ झालं असतं, आणि खाली सही कुणाची, तर माझी. वय झालं म्हणाले म्हणून!

मोठ्या मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग जुनाच ठेवायचा का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण जुना म्हणजे पुन्हा साडेदहा आणि पुन्हा कुणाचे तरी ओठ सुजायची वाट बघणं. "पाचपर्यंत वेळ द्या, मॅडम," मी म्हटलं.

मग आम्ही दोघांनी कनेक्टरची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. अर्धी त्यानं, अर्धी मी. चहा मागवला, तो तसाच गार झाला. पावणेचारला झटपट खुर्चीतून उठलाच. "सापडलं! 'कोरे रकाने लिहू नयेत', अशी सोय आहे यात. पण मुळात बंद ठेवलीय."

"बंद ठेवून पाठवतात? धन्य आहे!"

एक ओळ. ती चालू केली, नवी नक्कल घेतली आणि पुन्हा चाचणी लावली. चाळीस मिनिटं पडद्यावरचे आकडे बघत बसलो. मग मी वाचायला बसले. या खेपेला कागद धरलेल्या झटपटच्या प्रत्येक 'हं'मध्ये जीव होता. पंचवीस झाले. पेनिसिलीन जागेवर, सल्फा जागेवर. "अजून पन्नास वाचा," तोच म्हणाला. तेही जुळले. मला इतकं हायसं वाटलं, की पाठीची कळसुद्धा विसरले. सही केली आणि खाली लिहिलं: सोय चालू असल्याची खात्री रोज करावी आणि दर शनिवारी पंचवीस पेशंट मोठ्यानं वाचावेत. वाचणाऱ्याच्या जागी झटपटनं आपणहून स्वतःचं नाव घातलं.

सोमवारी यादी सातला दहा कमी असताना गेली. मला खाली बसवेना. जिना चढून पुरुषांच्या वॉर्डात गेले. तिथली नर्स एका हातात यादी धरून ट्रे लावत होती. एका नावाशी थांबली, ट्रेमधलं एक इंजेक्शन उचललं आणि पुन्हा कपाटात ठेवलं. "सहा नंबरच्या बाबांचा केसपेपर एक्स-रेला गेलाय," ती मला म्हणाली. "बाबांना स्वतःला काही आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी विचारून भरून ठेवलंय, बरं झालं." आणि डॉक्टरांना दुसरं औषध विचारायला फोनकडे गेली.

आठ वाजून गेले तसे सहा नंबरचे बाबा तडकले.

"अहो, शेजाऱ्याला दिलं, पलीकडच्याला दिलं. माझं इंजेक्शन कुठाय? इथेसुद्धा वशिला लागतो का?"

"येतंय बाबा. जरा उशीर होतोय."

"तुम्ही कोण?"

"मी कॉम्प्युटरवर बसते."

"मग बसा ना जाऊन! इथे कशाला गर्दी करता?"

"जातेच," मी म्हटलं.

बाबांनी रागानं पाठ फिरवली आणि चादर खांद्यावर ओढून घेतली. मी मात्र लगेच गेले नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजले. सोळा भरले, अगदी व्यवस्थित. मग जिना उतरून खाली कामाला लागले.