चांद्याची सुटका

नांदेडला ज्योत्स्नाच्या घरी कुत्र्यांची पिल्लं कधीच नसायची. पिल्लांना कुणीही घर देतं, असं ती म्हणे. तिच्याकडे येत ती म्हातारी कुत्री. कुणाचे दात पडलेले, कुणाचे मागचे पाय गेलेले, कुणाला मालकाची बदली झाली म्हणून गेटाबाहेर सोडून दिलेलं. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून ती त्यांची औषधं, अंघोळी, चादरी सगळं करायची. मूल नव्हतं. नवरा सुदर्शन रेल्वेत होता. स्वभावाने शांत. अंगणात आणखी एक कुत्रं आलं की तो पाण्याचं आणखी एक भांडं घेऊन यायचा, एवढंच.

ज्योत्स्नाने मोबाइलवर एक पान चालवलं होतं. त्यावर ती या कुत्र्यांचे फोटो टाकायची, मदत मागायची, आणि टाकून देणाऱ्यांना चार शब्द सुनावायची. लोक तिला मानत. कुत्रं कुणाला द्यायचं झालं तर ती आधी त्यांचं घर बघून यायची, आणि घर पसंत पडलं नाही तर तोंडावर नाही म्हणायची. या बाबतीत तिला कुणाचीच भीड नव्हती.

त्या मे महिन्यात ती दोघं कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला शिरूर अनंतपाळला गेली होती. जेवणं आटोपून निघाली तेव्हा उन्हं नुकती कलू लागली होती. गावाबाहेर आल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली, म्हणून सुदर्शनने टायर बघायला ती रस्त्याच्या कडेला घेतली. समोरच्या शेतात पत्र्याचं शेड होतं. शेडपुढे लिंबाचं झाड, आणि झाडाला बांधलेला एक तांबूस कुत्रा.

ज्योत्स्ना खाली उतरून जवळ गेली. कुत्र्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. डोळे दुधासारखे पांढरे. मांडीवर जखम, तिच्यावर काहीतरी पिवळं थापलेलं आणि त्यावर माश्या. सावली सरकून गेली होती आणि अर्धं अंग उन्हात पडलं होतं. दोरी इतकी आखूड की त्याला सावलीत सरकता येत नव्हतं. पाण्याचं घमेलं पालथं झालेलं. तिने गाडीतली बाटली आणून ओंजळीने पाणी पाजलं, तेव्हा तो बराच वेळ तिचा हात चाटत राहिला.

तिने हाका मारल्या. शेडला कुलूप होतं. सुदर्शनने हॉर्न वाजवून पाहिला. कुणी आलं नाही.

"कुणाचा तरी आहे गं," सुदर्शन म्हणाला. "दोरी आहे म्हणजे मालक आहे. जरा थांबू, येईल कुणीतरी."

"मालक असा ठेवतो? बघ तरी त्याच्याकडे."

थोडा वेळ ती थांबलीही. मग कुत्र्याची मान एका बाजूला कलली आणि तिचा धीर सुटला. तिने दोरी सोडली, त्याला ओढणीत गुंडाळलं आणि मागच्या सीटवर ठेवलं.

"निदान फोन नंबर तरी ठेवून जाऊ," सुदर्शन म्हणाला.

"कशाला? परत नेऊन उन्हात बांधायला?"

सुदर्शनने टायरवर एकदा नजर टाकली. त्याने गाडी सुरू केली.

घरी पोचल्यावर तिने फोटो टाकला. वर लिहिलं, 'मरायला बांधून ठेवलेल्या आजोबांची सुटका.' आजोबा हे नाव तिनेच ठेवलं. शेकडो लोकांनी तिचं कौतुक केलं आणि त्या मालकाला नाही नाही ते बोलून घेतलं. तिने ते सगळं वाचलं, आणि वाचून तिला बरं वाटलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत आलीत, सलाईन लावावं लागेल. मग जखम बघता बघता ते म्हणाले, "ही जखम जुनी आहे, बरं का. पण रोज कुणीतरी धुऊन हळद लावत असणार. गोचीड एकही नाही. नखंसुद्धा कापलेली आहेत. टाकून दिलेलं कुत्रं असं नसतं."

ज्योत्स्नाने ऐकून घेतलं. घरी येऊन ती सुदर्शनला यातलं काहीच बोलली नाही.

औषधांनी जखम भरायला लागली, पण कुत्रा खाईना. तिने चिकन उकडून भात कालवला, महागाचं डबाबंद खाणं आणलं, सुईशिवायच्या सिरिंजने पेज घातली. तो तोंड फिरवायचा. गादी घातली तर गादीवरून उठून दाराजवळ थंड फरशीवर जायचा आणि दाराकडे तोंड करून पडायचा. "आजोबा, आजोबा," म्हणून ती हाक मारायची. ते आपल्यालाच म्हणतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग लातूरहून एका मुलीचा फोन आला. तिचं नाव शिवानी. आवाजावरून कॉलेजात जाणारी वाटत होती.

"मॅडम, तुमी फोटो टाकलाव ना कुत्र्याचा, तो आमचा चांद्या हाय."

"तुमचाच कशावरून?"

"कपाळावर पांढरा ठिपका हाय. डावा कान फाटलेला हाय."

"ते फोटोत दिसतंच आहे."

 शिवानी घाईघाईने सांगत गेली. तिच्या आजोबांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. आजी सकाळी डबा घेऊन लातूरला यायची आणि संध्याकाळी शेतावर परत जायची. "चांद्याला दिसत न्हाई मॅडम. मोकळा सोडला तर हिरीकडं जातो. एकदा पडता पडता वाचला. म्हणून बांधायलोत. शेजारचे दुपारी पाणी देतेत, त्या दिवशी ते बी लग्नाला गेलते."

ज्योत्स्नाला त्या मुलीचं खरं वाटलं होतं. तरीही ती म्हणाली, "त्याचे उपचार चालू आहेत. मी येऊन जागा बघीन, मग ठरवू." हे वाक्य ती इतक्या जणांना म्हणाली होती की तोंडातून आपोआप निघून गेलं.

तिचं जाणं काही झालं नाही. एके सकाळी दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. कपाळाला विभूती, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. उदगीरला बस बदलून विचारत विचारत ती इथवर आली होती.

"मी शांतम्मा," ती म्हणाली. "शिवानीची आजी. चांद्या हितं हाय म्हणून आले."

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत कुत्र्याच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला होता. तो भिंतीला धडकत, खुर्चीला अडखळत दारापर्यंत आला आणि शांतम्माच्या लुगड्यात त्याने तोंड खुपसलं. ती उंबऱ्यावरच बसली. पिशवीतून ज्वारीची भाकरी आणि दुधाची बाटली काढली, भाकरी कुस्करून दुधात भिजवली आणि बोटाने त्याच्या जिभेवर ठेवली. त्याने खाल्लं. अर्धी भाकरी संपेपर्यंत खाल्लं.

ज्योत्स्ना भिंतीला टेकून पाहत होती.

शांतम्माने कुत्र्याची मांडी चाचपली. "जखम लई चांगली केली वो तुमी. माझ्या हातानं भरतच नव्हती." तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"मग घेऊन जाऊ का?" शांतम्माने विचारलं. "बसमधी घेत नसतील तर टेम्पो बघते. आमचे मालक सोमवारी दवाखान्यातून घरी येणार हायत. त्येंना आमी सांगितलंच न्हाई, चांद्या घरी न्हाई म्हणून. आल्या आल्या त्येलाच इचारतील."

"या उन्हात एवढा प्रवास त्याला झेपणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "सलाईन अजून बाकी आहे. रविवारी मी स्वतः गाडीतून आणून सोडते."

"आत्ताच जाऊ या की," सुदर्शन आतून म्हणाला. "मी रजा टाकतो. सलाईन लातूरलाही लावता येईल."

"डॉक्टरांनी इथं सांगितलंय."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला कळत होती. हा कुत्रा तिला बरा करून द्यायचा होता. गुबगुबीत, चमकत्या अंगाचा चांद्या त्या शेतात उतरवायचा, म्हणजे त्याला नेलं ते बरोबरच झालं असं म्हणता आलं असतं.

शांतम्माने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमी शिकलेली मानसं. तुमाला कळतंय. ऱ्हाऊ द्या मग रविवारपस्तोर." उठताना तिने सांगितलं, "भाकर दुधात भिजवून बोटानं द्या. आन् नावानं हाक मारा, नावाला खातो त्यो."

ती निघाली तसा चांद्या तिच्या मागे चालत गेला आणि लावलेल्या गेटावर त्याचं डोकं आपटलं. त्यानंतर तो तिथेच उभा राहिला. सुदर्शनने शेवटी त्याला उचलून आत आणलं.

ज्योत्स्नाने शेजारणीकडून ज्वारीची भाकरी करून घेतली, दुधात भिजवली आणि "चांद्या" म्हणून हाक मारली. त्याचा फाटका कान हलला. त्याने तोंड तिच्याकडे वळवलं, तिचा हात हुंगला आणि पुन्हा दाराकडे मान टाकली.

शनिवारी सकाळी सलाईन चालू असतानाच तो गेला. डॉक्टर म्हणाले, "वय झालं होतं. कुठेही असता तरी फार दिवस काढले नसते." ज्योत्स्नाला ते पटलं, आणि काही उपयोग झाला नाही. थोडेच दिवस होते, तर ते त्याने कुठे काढायला हवे होते, हे तिला आता दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

फोन करायचं धाडस दोघांनाही झालं नाही. त्यांनी त्याला स्वच्छ चादरीत गुंडाळलं आणि गाडी काढली.

शेतावर पोचली तर लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बसलेला. लातूरच्या दवाखान्याने शांतम्माच्या नवऱ्याला, अमृतरावांना, दोन दिवस आधीच घरी सोडलं होतं. शांतम्मा शेडपुढे भांडी घासत होती.

"या, या ताई," अमृतराव बसल्या जागेवरून हात जोडत म्हणाले. "म्हातारीनं सांगितलं मला समदं. तुमी दवाखान्यात नेऊन त्येची लई शेवा केलाव म्हणून. उद्या येणार व्हता न्हवं?"

ज्योत्स्ना गाडीपाशीच उभी राहिली. सुदर्शनने गाडीचं मागचं दार उघडलं आणि चादरीतलं ओझं दोन्ही हातांवर घेऊन तो झाडाखाली आला. शांतम्माच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उघडा," अमृतराव म्हणाले. "बघू द्या."

त्यांनी बाजेवरून वाकून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मांडीपाशी हात थांबला. "भरलंय की," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी हात तिथून काढला नाही. मग विचारलं, "जवळ कोन व्हतं?"

"मी होते."

"चांद्या म्हनल्या का?"

"म्हणाले."

त्यांनी मान हलवली.

"मी विचारायला हवं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "त्या दिवशी थांबायला हवं होतं."

अमृतराव झाडाच्या बुंध्याकडे पाहत होते. "दोरी आखूड व्हती," ते म्हणाले. "मी असतो तर सावलीसंगं जागा बदलली असती. म्हातारीला एकलीला किती कळावं." मग म्हणाले, "पर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं ताई. म्हातारी सांच्याला येतच व्हती. च्या केला असता तुमाला."

शांतम्मा पदराने हात पुसत जवळ येऊन बसली. "मी त्याच दिवशी आणनार व्हते," ती म्हणाली. "तुमी म्हनल्या म्हणून..." 

बांधाच्या कडेला सुदर्शनने खड्डा खणला. "आमच्यात मानसालाबी मातीच देतेत," असं म्हणत शांतम्माने चिमूटभर विभूती आणून चांद्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याला लावली. अमृतरावांना तिथवर चालवत नव्हतं. ते बाजेवरून बघत राहिले.

घरी आल्यावर ज्योत्स्नाने तो जुना फोटो काढून टाकला आणि घडलं ते जसंच्या तसं आपल्या पानावर लिहिलं. कुत्रा टाकलेला नव्हता, मी न विचारता नेला, मागितला तेव्हा दिला नाही. काही जणांनी तिला बोल लावले, ते तिने सोसले. पण बाकी सगळ्यांनी धीर दिला: तुम्ही चांगल्याच हेतूने केलंत, निदान शेवटी त्याला औषध मिळालं, वाईट वाटून घेऊ नका. ते वाचणं तिला जमेना. तिने फोन पालथा ठेवला.

"पान बंद करू का?" तिने सुदर्शनला विचारलं.

तो अंगणात आंधळ्या कुत्रीच्या डोळ्यात थेंब घालत होता. "तू ठरव," तो म्हणाला. कुत्रीची मान सोडून तो उठला, औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. "पण सगळं एकटीवर घेऊ नकोस. दोरी तू सोडलीस. गाडी मी चालवली."