आजोबांचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. उंच इतका की दारातून जाताना मला वाकवावे लागते. वेताचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा आणि अंगात कुणाच्या तरी घरची विटलेली चादर, असा माझा थाट! मला चालवायला एकटा माणूस पुरत नाही. एकाने पाठीचा दांडा धरायचा आणि दोघांनी हातांच्या काठ्या.

माझा जन्म शाळेच्या एका वर्गात झाला. तिथे सगळ्या तऱ्हेची मुले एकत्र शिकत. कुणी घडाघडा वाचणारी, कुणी चाकांच्या खुर्चीतून येणारी, कुणी अजिबात न बोलणारी. बाहुल्या करणारी एक ताई त्यांना शिकवायला येई. तिने सगळ्यांचे हात लगद्यात बुडवले आणि मला घडवून घेतले. मुलांनी माझे नाव ठेवले लंबूआजोबा.

त्या वर्गात टिकली नावाची मुलगी होती. तिचे हात जन्मापासून थरथरत. लिहायला गेली की कागद फाटे, म्हणून ती बहुतेक वेळ खिडकीपाशी नुसती बसून असे. ताईने माझ्या उजव्या हाताची काठी तिला दिली. माझा हात वर गेला आणि थरथरला, अगदी म्हाताऱ्या माणसाचा थरथरतो तसा. गलका करणारा वर्ग चिडीचूप झाला. मग कुणीतरी ओरडले, "अरे, आजोबा खरे झाले!"

टिकलीला हसता हसता उचकी लागली. ताई तिला म्हणाली, "हा हात तुझाच. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही मी."

टिकलीने ते खरे मानले. मीही मानले.

पुढे आमचा कार्यक्रम बघायला शाळेत पाहुणे येणार असे ठरले. ताईचे वर्ग चालू ठेवायचे की बंद करायचे, हे त्यांच्या हाती होते. सरावात टिकलीच्या हातून काठी सुटली आणि मागचा पडदा फाटला. शाळेच्या मोठ्या बाई ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर हसं नको. तिला फुलं द्यायला उभी करा." ताई फाटलेला पडदा गोळा करू लागली. शेवटी म्हणाली, "बरं."

कार्यक्रमाच्या दिवशी टिकली आईबरोबर नटूनथटून आली ती थेट माझ्यापाशी. काठी दुसऱ्याच मुलीच्या हातात होती.

"टिकली, आज तू फुलं द्यायची हं," ताई म्हणाली. "केवढं मानाचं काम!"

टिकलीला बोलायला वेळ लागतो. "तू... म्हणाली होतीस," ती म्हणाली.

ताई माझी चादर नीट करू लागली. ती आधीच नीट होती.

त्या दिवशी माझा हात झोकात हलला. पण लाकडासारखा. टाळ्यांचा कडकडाट झाला. "इथं प्रत्येक मुलाला संधी मिळते," असे पाहुणे म्हणाले आणि ताईचे वर्ग चालू राहिले. फुले मात्र खुर्चीवर तशीच पडून होती. टिकली केव्हाच आईचा हात धरून घरी गेली होती.

पुढच्या वेळी ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "चुकलं माझं. ही घे तुझी काठी."

टिकलीने हात पाठीमागे लपवले. "नको. पुन्हा... पाहुणे येतील."

ताईने तिला पुन्हा पुन्हा बोलावले, पण ती आली नाही. मग ताईनेही मला बाहेर काढणे सोडले. आता मी अडगळीच्या खोलीत आडवा पडलो आहे. कानाला कसर लागली आहे.

मित्रांनो, माझी धूळ झटका असे मी म्हणत नाही. तुमच्याही वर्गात कुणी कलाकार येईल, नाटक बसवेल, गाणी शिकवेल. सरावात असलेले सगळे कार्यक्रमाच्या दिवशीही आहेत ना, एवढे बघा. कुणी नसेल, तर ते कुठे आहे म्हणून मोठ्यांना तिथल्या तिथे विचारा. आमचा सबंध वर्ग टिकलीला ओळखत होता. त्या दिवशी विचारले मात्र एकानेही नाही.