शेवंता पाणी पीत नव्हती

कामावर निघताना शेवंता चहा अर्धाच प्यायची. उरलेला महादेवपुढे सरकवायची आणि तो मुकाट्याने पिऊन टाकायचा. का अर्धा, हे लालबागच्या त्या चाळीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

गिरणी होती तोवर महादेव साच्यावर विणकर. संप लांबला, लांबता लांबता विरून गेला, आणि दोघं नवराबायको चाळीसमोरच उठणाऱ्या इमारतीवर बिगारी लागली. तो रेती-सिमेंट कालवायचा, ती घमेली वाहायची. काम दारासमोर, म्हणून लोक म्हणाले, नशीब काढलंत. कसलं डोंबलाचं नशीब! तिथे संडास नव्हता. पुरुष भिंतीशी उभे राहायचे, बाहेरगावच्या बायका सळयांच्या ढिगामागे जायच्या. शेवंताने कुठे जावं? वर चाळीच्या गॅलऱ्या, गॅलऱ्यांत ओळखीची माणसं. घरी जाऊन यावं तर मुकादम बाबुराव खाडा मांडायचा. आणि महादेवने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "थंय उघड्यार बसाचा नाय. चाळीत तोंड दाखवूचा आसा माका."

मग बाईने आपल्यापुरता मार्ग काढला. काम सुटेपर्यंत पाणीच प्यायचं नाही.

मे महिना तापला. तिच्या बरोबरीने घमेली उचलणारी सोलापूरकडची बकुळा म्हणाली, "घोटभर तरी घे गं. ओठ बघ कसे फाटलेत."

"प्यायलं की जावं लागतं. संध्याकाळपर्यंत निभतं."

"आन् ह्या उन्हाचं काय?"

"आमचे हे म्हणतात, साचेखात्यातल्या उकाड्यापुढे हे ऊन म्हणजे काहीच नाही."

त्या दुपारी तिचा घाम थांबला. महादेवला बरंच वाटलं. अंगाला सवय झाली, असं त्याने धरून घेतलं. थोड्या वेळाने तिच्या हातून घमेलं सुटलं. ती मटकन बसली, मान हलवू लागली, काहीबाही बरळू लागली.

"अंगात आलं," कुणीतरी म्हणालं.

वाचकहो, राग येतो, पण सांगायलाच हवं. एवढ्या माणसांत एकालाही दुसरं काही सुचलं नाही. तिला भर उन्हात तसंच बसू दिलं. कपाळाला कुंकू लावलं. महादेवने स्वतःच्या बायकोपुढे हात जोडले. "आई, काय चुकला आमचा? सांग."

तिचे ओठ हलले. तो वाकला.

"पाणी."

बाबुरावने हंडा मागवला. आणि मोठ्या भक्तिभावाने त्यांनी ते पाणी तिच्या पायांवर ओतलं.

बकुळा वरच्या मजल्यावरून धावत आली तोवर शेवंताची मान कलंडली होती. बकुळेने अंगाला हात लावला. "अरे, तव्यावानी तापलीय बाई. सावलीत घ्या तिला, भिजवा." त्यांनी भिजवलं, टेम्पोत घातलं, इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, शरीरात पाणी उरलं नव्हतं, आधी आणायला हवं होतं. महादेव एवढंच म्हणत राहिला, "ती माज्याकडे पाणी मागत होती, डॉक्टर."

दिवस-कार्य उरकून तो कामावर आला, तोवर सळयाही वापरून संपल्या होत्या. बायकांना तेवढाही आडोसा उरला नव्हता. महादेवने सकाळीच बांबू रोवले आणि कोपऱ्यात गोणपाट बांधला. सगळी चाळ गॅलरीतून बघत होती. त्याने मान खाली घातली नाही.

बाबुराव आला आणि गोणपाट ओढून काढला. "फ्लॅट बघायला पार्ट्या येतात रे. पुढ्यातच हे दिसलं तर घेणार कोण?"

"बाई मेली हंय," महादेव म्हणाला.

"देवीची मर्जी. माझ्या हातात काय आहे? शेठला सांग."

शेठ महादेवला कधी भेटला नाही.

त्या इमारतीत आज प्रत्येक घरात दोन संडास आहेत. गोणपाट निघाला त्या दुपारी मात्र बकुळेने तांब्या भरून सगळ्या बायकांपुढून फिरवला, आणि एकीनेही हात पुढे केला नाही. शेवटी तिने तो तसाच भरलेला खाली ठेवला. ती स्वतःही प्यायली नाही.