आठव्या मजल्यावरचं पाकीट

डिसेंबर लागला की वेस्ट एंड ॲव्हेन्यूवरच्या त्या बारा मजली इमारतीचं दार जरा जास्तच चपळाईने उघडतं, अशी तिथल्या रहिवाशांची जुनी थट्टा आहे. इस्मेत राडोन्चिचला ती आवडत नसे. चोवीस वर्षं तो दरवान म्हणून त्या दारात उभा होता, आणि त्याच्या मते ते दार जुलैतही तेवढ्याच वेगाने उघडायचं. पण म्हणून नाताळच्या बक्षिसीवर त्याचा राग होता असं मुळीच नाही. साठेक घरं, प्रत्येक घराचं एक पाकीट, वर नाव आणि आत बँकेतून मुद्दाम आणलेल्या कोऱ्या नोटा. धाकट्या मुलीची कॉलेजची फी गेली तीन वर्षं याच पाकिटांतून जात होती. कोणी किती दिले ते तो कधी बोलत नसे. कोणी दिले नाहीत ते मात्र त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पहिलं पाकीट दर वर्षी आठ-डीमधल्या मिसेस विटकिन यांचं. वय चौऱ्याऐंशी, ब्राँक्सच्या सरकारी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. त्या ज्यू, हा माँटेनेग्रोच्या डोंगरातला मुसलमान, म्हणजे नाताळाशी दोघांचाही काडीचा संबंध नाही. तरी डिसेंबरच्या दोन तारखेला बाई लिफ्टमधून उतरायच्या, दोनशे डॉलरचं पाकीट त्याच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या सणाच्या शुभेच्छा, इस्मेत." तो म्हणायचा, "तुम्हालाही, दुसऱ्यांच्याच." चोवीस वर्षं तोच विनोद, आणि चोवीस वर्षं दोघं त्याला मनापासून हसत आली होती.

या वर्षीही दोन तारखेला पाकीट आलं, विनोद झाला, हसून झालं. पाच तारखेला बाई पुन्हा खाली आल्या. पुन्हा पाकीट, पुन्हा दुसऱ्यांच्या सणाच्या शुभेच्छा. इस्मेत सरळ मनाने बोलून गेला, "मॅडम, मंगळवारीच दिलंत की तुम्ही."

आपण काय बोलून बसलो ते त्याला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. बाईंनी डेस्कची कड घट्ट धरली. इकडेतिकडे कोणी नाही हे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "जेरीला सांगू नका."

जेरी हा त्यांचा एकुलता एक मुलगा, डेन्व्हरला असतो. उन्हाळ्यात एकदा बाईंच्या हातून गॅस रात्रभर चालू राहिला, तेव्हापासून तो त्यांच्या पुढच्या चुकीची वाट पाहत होता. तिकडे वृद्धांच्या निवासात त्याने एक खोलीही बघून ठेवली होती. तिच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, असं बाईंनीच इस्मेतला सांगितलं होतं. इथे त्यांच्या खिडकीतून हडसन नदीचा चतकोर तुकडा दिसायचा. त्या चतकोरासमोर त्यांनी पंचावन्न वर्षं काढली होती, आणि मरायचंही त्यांना तिथेच होतं. इस्मेतने मान हलवली. नाही सांगणार. बाई पाकीट डेस्कवरच विसरून वर गेल्या.

झाडलोट करणारा विल्फ्रेडो हे सगळं जिन्याजवळून पाहत होता. त्यालाही दुसरं पाकीट मिळालं होतं, आणि त्याने ते केव्हाच सँतियागोला आईकडे रवाना केलं होतं.

"नशीब दार ठोठावतंय, उस्ताद, आणि तू दरवान असून उघडत नाहीस," तो म्हणाला.

"हे नशीब नाही. दुखणं आहे," इस्मेत म्हणाला. विल्फ्रेडोने बादली उचलली आणि तो तळघरात निघून गेला.

पाकीट परत कसं करायचं? हातात द्यावं तर बाईंना पुन्हा तोच धक्का. इस्मेतने गुरुवारपर्यंत दम धरला. गुरुवारी किराणा यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तो बाईंची पिशवी वर पोचवायचा, हे ठरलेलं होतं. बाई चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. बाहेरच्या खोलीत लिहायचं टेबल होतं. त्याच्या डावीकडच्या दुसऱ्या कप्प्यात, टपाल तिकिटांच्या खाली, त्या पाकिटं ठेवत, हे त्याने येताजाता पाहिलं होतं. चोवीस वर्षांत इस्मेतने कोणाच्या घरातला कप्पा उघडला नव्हता. त्याने तो उघडला, पाकीट आत सरकवलं, कप्पा लावला, आणि बाई चहा घेऊन आल्या तेव्हा तो खिडकीपाशी उभा राहून नदीचा तुकडा बघत होता.

आणि इथे त्याने घोडचूक केली. चिकटवलेलं, वर स्वतःचं नाव असलेलं पाकीट आपण कप्प्यात ठेवतोय म्हणजे काय करतोय, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. शनिवारी बाईंनी तिकिटासाठी कप्पा उघडला. बघतात तर इस्मेतचं पाकीट! द्यायचं राहूनच गेलं की! लगबगीने खाली आल्या, दुसऱ्यांच्या सणाच्या शुभेच्छा दिल्या. इस्मेत हसला, पाकीट घेतलं आणि त्यांची पाठ वळताच त्याने कपाळाला हात लावला.

पाकीट फोडून नुसत्या नोटा कप्प्यात ठेवाव्यात असं त्याच्या मनात आलं. पण मग बाई नवं पाकीट करणार, कदाचित पुन्हा बँकेत जाणार, आणि बँकेचा कागद जेरीला दिसणार. त्यापेक्षा हे एकच पाकीट खालीवर फिरत राहिलेलं बरं. मग ते फिरत राहिलं. त्या खाली आणत, तो रोज टपाल पोचवायच्या निमित्ताने वर नेऊन ठेवी. एकदा कोटाच्या खिशात घालताना ते दुमडलं. एकदा त्याच्या कॉफीच्या कागदी पेल्याचा गोल डाग त्यावर उठला. दर खेपेला विनोद मात्र तोच, आणि दर खेपेला त्याला पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं लागे. आता त्याला ते हसणं जड जात होतं.

घरी बायकोला, सेनिहाला, त्याने शेवटी सांगितलं. ती संतापली. पेन्शनला चौदा महिने राहिलेत आणि तुला हे सुचतंय का, असं तिने विचारलं. रहिवाशाच्या कप्प्यात हात सापडला की नोकरी त्याच दिवशी जाते, हे तिला काय, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दरवानाच्या बायकोला माहीत होतं.

"ठेवणारा हात आणि काढणारा हात लांबून सारखाच दिसतो," ती म्हणाली.

अठरा तारखेला, गुरुवारी, तो वर गेला. स्वयंपाकघरात किटली तापत होती, बाई काहीतरी गुणगुणत होत्या. त्याने कप्पा उघडला, खिशातून पाकीट काढलं, आणि मागे कुलपात किल्ली फिरली.

दारात जेरी उभा होता. नाताळाच्या आठवडाभर आधी येऊन आईला चकित करायचं म्हणून तो न कळवता आला होता, इमारतीच्या मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून. हातातली बॅगही त्याने अजून खाली ठेवली नव्हती. इस्मेतचा एक हात कप्प्यात होता आणि दुसऱ्या हातात पाकीट होतं.

जेरीने बॅग ठेवली. पाकीट इस्मेतच्या हातातून घेऊन त्यावरचं नाव वाचलं. कप्प्यात डोकावून पाहिलं. आत टपालवाल्याचं पाकीट होतं, इमारतीची देखभाल करणाऱ्या सुपरचं होतं, केस कापणाऱ्या बाईचं होतं.

"आईने हातात देईपर्यंतही धीर धरवला नाही तुम्हाला?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

इस्मेतने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. तुमच्या आईच्या लक्षात राहत नाही, मी परत ठेवतोय. एवढंच. आतून बाईंचा आवाज आला, साखर एक का दोन? इस्मेतने तोंड मिटलं.

जेरीने पाकीट टेबलावर टाकलं. आईसमोर तमाशा नको, खाली जा, मी ऑफिसला फोन करतोय, असं त्याने सांगितलं.

पुढची चाळीस मिनिटं इस्मेत दारात उभा होता. आयुष्यातली सगळ्यात लांब चाळीस मिनिटं. लोक येत होते, तो दार उघडत होता. अकराव्या मजल्यावरच्या जोडप्याने नेमकं तेव्हाच त्याला पाकीट दिलं आणि तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही असंही म्हटलं. त्याला ओशाळल्यासारखं झालं. तो मनात हिशेब करत होता तो मुलीच्या शेवटच्या वर्षाचा, आणि मधूनच त्याला गाड्यांच्या तळावर उघडणारी ती खिडकी दिसत होती.

इमारतीचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसातून ब्रॅनिगन आला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का होता. जेरीही खाली आला आणि त्याने जे पाहिलं ते सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"हात कप्प्यात होता?" ब्रॅनिगनने विचारलं.

"होता."

"का?"

ब्रॅनिगनने पुन्हा विचारलं. इस्मेत फरशीकडे बघत राहिला. मग मला आजच तुझा कोट आणि किल्ल्या घ्याव्या लागतील, असं ब्रॅनिगन म्हणाला, आणि म्हणताना तोही अवघडला होता.

लिफ्टच्या दारावरचे आकडे उतरायला लागले. आठ. सात. सहा. त्या आकड्यांबरोबर काय खाली येतंय हे तिथे फक्त त्याला ठाऊक होतं.

मिसेस विटकिन बाहेर आल्या. घरातल्याच सपाता, अंगात लोकरी जाकीट, हातात पाकीट. त्या सरळ त्याच्यासमोर आल्या.

"तुमचं राहिलंच होतं की, इस्मेत. टेबलावरच पडलं होतं. दुसऱ्यांच्या सणाच्या शुभेच्छा."

कोणीच हसलं नाही. बाईंचा हात तसाच पुढे राहिला. चाळीस वर्षं त्यांनी वर्ग सांभाळले होते. आपण आत येण्यापूर्वी वर्गात काहीतरी घडलंय, हे त्यांना चेहऱ्यांवरून ओळखता येत होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, ब्रॅनिगनकडे पाहिलं आणि शेवटी इस्मेतकडे.

"मी हे आधी दिलंय का?"

तिघंही इस्मेतकडे बघत होते. हो म्हटलं की कोट अंगावर राहणार, किल्ल्या राहणार, पेन्शन राहणार. त्यात खोटंही काही नव्हतं. त्याने फक्त मान हलवली असती तरी चाललं असतं. पण प्रश्न बाईंनी त्याला विचारला होता, मुलाला नव्हे.

"नाही, मॅडम. हे पहिलंच," इस्मेत म्हणाला आणि त्याने पाकीट घेतलं. "तुम्हालाही, दुसऱ्यांच्याच."

बाई हसल्या. केवढं हायसं वाटलं त्यांना! जेरीचा चेहरा ओढलेला दिसतो, चहा गार होतोय, लवकर वर ये, असं म्हणत त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

दार बंद झाल्यावर ब्रॅनिगनने सुस्कारा सोडला. आता दिलंय ते पहिलं, तर मघाशी कप्प्यात तू काय करत होतास, असं त्याने विचारलं. इस्मेतने पाकीट डेस्कवर ठेवलं. टोपी काढून त्याच्याशेजारी ठेवली आणि कोटाची पितळी बटणं सोडायला सुरुवात केली. त्याला सेनिहाची भीती वाटत होती आणि फार, फार वाईट वाटत होतं.

"एक मिनिट," जेरी म्हणाला.

त्याने पाकीट उचललं. वर हातात घेतलं तेव्हा त्याने फक्त नाव वाचलं होतं. आता त्याने ते उलटसुलट केलं. कडा झिजलेल्या, कोपरे मऊ पडलेले, मधोमध खिशाची घडी. चिकटवलेलं तोंड मात्र अजून तसंच, कोणी फोडलेलं नव्हतं. एका बाजूला कॉफीचा गोल डाग. जेरीची नजर डेस्कवरच्या कागदी पेल्याकडे गेली. त्याने पेला उचलून डागावर टेकवला. बरोबर बसला.

त्याने पेला जागच्या जागी ठेवला.

"माझा गैरसमज झाला, मिस्टर ब्रॅनिगन. तुम्हाला उगाच त्रास दिला," तो म्हणाला. ब्रॅनिगनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्याच्यासाठी दार इस्मेतनेच उघडलं, अर्धी बटणं सोडलेल्या कोटात.

"किती वेळा झालं असं?" जेरीने विचारलं.

"मोजलं नाही," इस्मेत म्हणाला. त्याने मोजलं होतं.

जेरीने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. डेन्व्हरच्या खोलीचे पैसे मी भरून आलोय, मार्चपासूनचे, असं तो म्हणाला. इस्मेत कोटाची बटणं परत लावू लागला. बोलण्यासारखं त्याने मघाशी बोलून टाकलं होतं.

"परत मागतो ते पैसे," जेरी म्हणाला. "दिवसा कोणीतरी सोबतीला येईल असं बघतो. निदान हे वर्ष."

तो लिफ्टपर्यंत गेला आणि थांबला. पाकीट त्याच्या हातातच होतं.

"हे कुठे ठेवायचं असतं?"

इस्मेतने टोपी डोक्यावर घातली.

"टेबलाचा डावीकडचा दुसरा कप्पा. तिकिटांच्या खाली. त्या चहा करायला आत गेल्या की मगच ठेवा."