वाढत्या मापाची सायकल

शनिवारी सकाळी टपालवाली नव्याकोऱ्या सायकलवर बसली आणि तिचे दोन्ही पाय हवेत लोंबकळत राहिले.

सायकल देखणी होती, त्यात वाद नाही. काळीभोर, हलकी, टायर ना फार जाड ना फार बारीक. डांबरावर पळेल आणि खडीवरही घसरणार नाही अशी. हायब्रिड म्हणतात तिला. गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून सेलमध्ये निघालेली. सगळं खरं, पण टपालवालीनं निवडलेली सायकल ही नव्हती. तिची राखाडी होती आणि मापानं चांगलीच लहान होती.

"सीट खाली घे," दारात उभा असलेला टेलर म्हणाला. टेलर म्हणजे तिचा नवरा. गळ्यात टेप, कानामागे खडू. बायको पडायला आली तरी हात पुढे करण्याआधी तिच्या बाहीची शिवण बघेल असा माणूस.

"खाली घेतलीये. याच्या खाली सीट नाही, चाक आहे."

"मग होईल हळूहळू सवय."

सवय! टपालवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कशीबशी उतरली, उतरताना मधला दांडा मांडीला सणसणीत लागला. तिनं सायकल भिंतीला टेकवली. टेकवली कसली, आपटलीच.

"मी चिठ्ठी दिली होती ना तुम्हाला?"

"दिली होती."

"काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"राखाडी," टेलर म्हणाला, आणि लगेच सावरून घेत पुढे बोलला, "अगं, पण ती आखूड पडली असती. हिच्यावर सूटही जास्त होती. मोठं लहान करता येतं, लहान मोठं करता येत नाही."

"कापड आहे का हे? दांड्याला कात्री लावणार आहात?"

टेलर गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे माघार नव्हे. समोरचा थकेपर्यंत वाट बघायची ही त्याची जुनी रीत. गिऱ्हाईक थकायचं, बायकोही थकायची. आज मात्र ती थकणार नव्हती, कारण सोमवार यायला मध्ये फक्त रविवार होता.

तिच्या वाटणीला आलेली फेरी पोस्टात कोणालाच नको असायची. आधी चार डांबरी रस्ते, मग नदीचा बांध, मग खाणीकडे चढणारी खडीची वाट आणि खाणीपलीकडे सतरा घरं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या जुन्या सायकलची फ्रेमच बांधावर चिरली. तेव्हापासून ती पायी जात होती, दुपारची पत्रं दिवेलागणीला पोचत होती आणि सतरा घरांतून तक्रारी येत होत्या. शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "सोमवारी दोन्ही रस्त्यांवर चालेल अशी सायकल घेऊन या, नाहीतर तुम्हाला खाली सॉर्टिंगला बसवतो," ते म्हणाले, आणि वर हसून पुस्ती जोडली, "तुमच्याच सोयीसाठी." सॉर्टिंगची खोली तळघरात होती. खिडकी नाही, वारा नाही, डोक्यावर दिवसभर गुणगुणणारी ट्यूब. तिथे गेलेला माणूस परत फेरीवर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बावीस वर्षं उन्हावाऱ्यात काढलेल्या बाईला त्या खोलीत कोंडायचं आणि त्याला सोय म्हणायचं!

म्हणून ती चार शनिवार सायकलच्या दुकानात गेली होती. नुसती बघायला नव्हे. टपालाची पिशवी जुन्या वर्तमानपत्रांनी भरून न्यायची, कॅरियरला बांधायची आणि दुकानामागच्या उखडलेल्या गल्लीत सायकल पिटाळायची. कुठली वळताना झुकते, कुठलीचा ब्रेक ओझं असताना उशिरा लागतो, हे तिला पाठ झालं होतं. राखाडीवर बसून ती थांबली की पाय अल्लद जमिनीला टेकायचे. खाणीच्या उतारावर ट्रक समोरून आला तर एवढंच कामाला येतं. सेलचा शेवटचा दिवस शुक्रवार होता आणि शुक्रवारी सगळ्यात जास्त टपाल. तेव्हा तिनं टेलरच्या हातात पैसे आणि चिठ्ठी ठेवली. "फक्त ही द्या आणि सायकल आणा. दुसरं काहीएक करू नका," असं दोनदा बजावलं. नवऱ्याला ओळखत होती म्हणून दोनदा. तिसऱ्यांदा बजावायचं राहिलं.

"चला," ती आता म्हणाली.

"कुठे?"

"दुकानात. आणि टेप असू दे गळ्यात."

सगळा रस्ता ती सायकल ढकलत पुढे आणि टेलर चार पावलं मागे. सायकल दुकानात शिरली तेव्हा काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं होती. दुकानदारानं मान वर केली, हँडल धरलेल्या टपालवालीच्या डोक्यावरून मागे बघितलं आणि म्हणाला, "या मास्तर! काय म्हणते सायकल?"

"सायकल माझी आहे," टपालवाली म्हणाली. "काय म्हणते ते मला विचारा."

"बोला ना ताई."

मग ती बोलली. दोन महिन्यांचं साठलेलं बोलली. चार शनिवार कोण येत होतं, गल्लीतली धूळ कोणी खाल्ली, राखाडी कोणासाठी बाजूला काढली होती. आणि पैसे द्यायला पुरुष आला म्हटल्यावर चिठ्ठी बाजूला ठेवून न खपलेला माल त्याच्या गळ्यात कसा मारला. पंक्चर काढणारा कारागीरसुद्धा हात थांबवून ऐकत बसला. दुकानदाराचे कान लाल झाले. त्यानं ड्रॉवर ओढला, कालच्या पावतीची प्रत काढली आणि काउंटरवर तिच्यासमोर आपटली.

"हे वाचा ताई. मी राखाडीच काढली होती. हेच म्हणाले, ही आखूड आहे. मी म्हटलं, ठीक आहे, पायाचं माप सांगा, आतल्या शिवणीचं. आम्ही त्यावरच फ्रेम देतो. यांनी सांगितलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. आता टेलरच्या मापावर मी शंका घ्यायची?"

पावतीच्या कोपऱ्यात टेलरच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: एकतीस.

टपालवालीनं तो आकडा वाचला आणि तिची नजर आपोआप स्वतःच्या पायाकडे गेली. खाकी पँटीच्या तळाशी जाड दुमड होती, तिच्याच हातच्या वेड्यावाकड्या टाक्यांची.

हा आकडा तिच्या ओळखीचा होता. टेलरच्या मापाच्या वहीत, अगदी पहिल्या पानावर, तो बावीस वर्षं बसून होता. ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची, काटकुळी होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोर अजून भरेल, उंच होईल, वाढतं माप धर." टेलरनं वाढतं माप धरलं. पोर भरली नाही आणि उंच तर मुळीच झाली नाही. पोस्टातून दर वर्षी दोन गणवेशांचं कापड मिळायचं, टेलर वही उघडून त्याच मापानं बेतायचा, आणि वर शिवणीत माया सोडायची ती सोडायचाच. ती पँट घेऊन खाटेवर बसायची आणि खालून दुमडायची. पहिल्या वर्षी तिनं तोंड उघडलं होतं. तेव्हा त्यानं तेच मोठ्या-लहानाचं सांगितलं. घरात वाद नको म्हणून तिनं सुई उचलली, आणि नंतर ती सुई खाली ठेवलीच नाही.

"टेप काढा," ती म्हणाली.

"इथे?" टेलर गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला.

"इथेच. साऱ्या गावाचं माप घेता तुम्ही. माझं एकदा घ्या."

तिनं काउंटरवरचं जाडजूड माहितीपुस्तक उचललं. सायकलसाठी माप कसं घेतात हे दुकानदारानं तिला पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. तिनं बूट काढले, भिंतीला पाठ लावली, पुस्तक पायांमध्ये वर घट्ट धरलं आणि वाट बघत उभी राहिली. दोन्ही गिऱ्हाइकं मन लावून टायर बघायला लागली. टेलर गुडघ्यांवर हात ठेवत हळूच खाली बसला. त्याचे गुडघे कुरकुरले. टेपचं एक टोक त्यानं फरशीला धरलं, दुसरा हात पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत नेला आणि आकडा वाचला. मग टेप सरळ करून पुन्हा वाचला.

"किती?" दुकानदारानं विचारलं.

टेलर काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा," टपालवाली म्हणाली.

"अठ्ठावीस."

उठायच्या ऐवजी तो तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर आता तिच्या पँटीची दुमड होती. त्यानं ती अंगठ्यानं चाचपली, टाके बघितले. आपल्या हातचे नाहीत हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. वर्षाला दोन. चव्वेचाळीस पँटी दुमडल्या मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती स्वतःवरच चिडली आणि तो रागही त्याच्याच अंगावर ओतला. "सांगायला कशाला हवं? समोर बसला होतात तुम्ही! मी दुमडत होते आणि तुम्ही समोर बसून लोकांच्या कॉलरी उलटवत होतात. लोकांच्या बगलेतली अर्ध्या इंचाची चूक दिसते तुम्हाला. माझे तीन इंच बावीस वर्षं दिसले नाहीत!"

टेलरनं घसा खाकरला. "चुकलं माझं," तो म्हणाला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात कुठल्याही गिऱ्हाइकानं त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

दुकानदारानं संधी साधून तडजोड मांडली. काळी अजून रस्त्यावर चाललेली नाही, घेतली त्या किमतीत ती परत घेतो. राखाडीही आहे. पण सेल काल संपला, तेव्हा राखाडी आता पुऱ्या किमतीला. वरचा फरक भरावा लागेल.

"हे भरतील," टपालवाली म्हणाली.

"माझ्याकडे कुठले आहेत?" टेलर म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघून त्याला कळलं की तिला ते ठाऊक आहे. "अगं, ते मोटरचे आहेत."

दोन वर्षं तो शिवणयंत्राला मोटर बसवायची म्हणत होता. दिवसभर पायडल मारून गुडघे गेले होते. त्या गुडघ्यांना तेल तीच लावून द्यायची. टपालवालीला त्याची कीव आली, नाही असं नाही. पण कीव यायच्या आधी तिला खाणीचा उतार दिसला, त्याच्याही आधी ती ट्यूबवाली खोली.

"मशीन पायानं चालवा अजून वर्षभर," ती म्हणाली. "मीपण पायानंच चालवणार आहे."

टेलर पैसे आणायला घरी गेला. पावतीवर दुकानदारानं सवयीनं त्याचं नाव घातलं. तिनं ते खोडायला लावून स्वतःचं घालून घेतलं. मग राखाडी बाहेर काढली आणि नवऱ्यासाठी न थांबता निघाली.

सोमवारी तिनं सायकल साहेबांच्या खिडकीखाली मुद्दाम घंटी वाजवत लावली. अकराच्या सुमाराला खाणीच्या उतारावर वळणावरून ट्रक आला. तिनं ब्रेक दाबला, खडी करकरली, सायकल थांबली आणि दोन्ही पाय जमिनीवर आले. ड्रायव्हरनं शिवी हासडली. तिनं त्याहून खणखणीत शिवी परत दिली आणि सतराव्या घरापर्यंत दुपारच्या आत टपाल पोचवलं.

घरी आली तेव्हा टेलर मशीनवर होता, पाय वरखाली चालू. तिच्याकडे न बघता त्यानं खाटेकडे बोट दाखवलं. यंदाच्या कापडाची खाकी पँट घडी करून ठेवलेली होती, आणि शेजारी मापाची वही उघडी. पहिल्या पानावरचा एकतीस खोडून खाली अठ्ठावीस लिहिलं होतं.

ती अजून त्याच्याशी बोलत नव्हती. तिनं पँट घातली, सुईदोऱ्याचा डबा उघडला, सुईत दोरा ओवला आणि दुमडायला खाली वाकली. पँट घोट्यावर नेमकी संपत होती. ती तशीच वाकून राहिली, सुई हातात. मशीन थांबलं होतं.

"बघताय काय?" ती म्हणाली. "शिवा."