गगनविहारची कमान

आमच्या गगनविहार सोसायटीतून बाहेर पडायला जगात एकही रस्ता नाही, हे मला एका अ‍ॅपने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी, चहा पिताना.

अ‍ॅप घरासारख्या गाड्यांतून फिरणाऱ्या लोकांसाठी होतं. गाडीची उंची, रुंदी आणि वजन टाकायचं. मग ते बुटके पूल, अरुंद गल्ल्या टाळून रस्ता शोधून देतं. मी सगळं टाकलं. कुठून : आचोळे, नालासोपारा पूर्व. कुठे : धनुष्कोडी. अ‍ॅपने बराच विचार केला आणि लिहिलं, ‘तुमच्या वाहनासाठी या ठिकाणाहून मार्ग उपलब्ध नाही.’

मी धनुष्कोडी खोडून पुणे टाकलं. उपलब्ध नाही. तुळिंज टाकलं, जिथे आम्ही भाजी आणायला चालत जातो. उपलब्ध नाही.

“काय म्हणतंय रे?” सावित्रीमावशीने विचारलं.

“म्हणतंय, तू कुठेच जाऊ शकत नाहीस.”

“हे धवलपण सांगतो. त्याच्यासाठी अ‍ॅप कशाला पाहिजे?”

धवल म्हणजे तिचा मुलगा. ठाण्याला राहतो आणि आईची काळजी फोनवरून करतो.

मावशीचा ड्रायव्हिंग क्लास होता. अर्ध्या आचोळ्याला गाडी तिने शिकवली. उरलेले अर्धे अजून रिव्हर्स घेताना भिंतीला लागतात. सगळी कारकीर्द तिने डाव्या सीटवर काढली, शिकवायच्या गाडीत तिकडेही एक ब्रेक असतो त्याच्यावर पाय ठेवून. आचोळे, तुळिंज, फुलपाडा आणि परत आचोळे. वर्षानुवर्षं हीच फेरी, तिसऱ्या गिअरच्या पुढे न जाता. क्लास बंद केल्यावर तिने एका बंद पडलेल्या शाळेची मिनीबस घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी आणि एक टॉयलेट बसवलं, जे पाहून तिची मैत्रीण उर्सुला आंटी म्हणाली होती, “ह्यात बसायचं की नुसतं बघायचं?” पिवळा रंग तसाच ठेवला. मागे ‘सावकाश! आत मुले आहेत’ लिहिलेलं, तेही तसंच. मावशीचं म्हणणं, त्यामुळे मागचे शिव्या देत नाहीत.

धनुष्कोडी का, तर तिथे रस्ता संपतो म्हणे. मावशीला रस्ता संपेपर्यंत गाडी चालवायची होती. इतकंच. याच्यात न समजण्यासारखं काय आहे मला माहीत नाही, पण धवलला आणि सोसायटीला ते समजत नव्हतं.

अ‍ॅपने असं का केलं ते मला अर्ध्या तासाने कळलं. त्याच्यात लोक आपापल्या भागातले अडथळे नोंदवतात. गेल्या महिन्यात आमच्या गेटवर नवीन कमान झाली, तेव्हा मी गंमत म्हणून तिची उंची मोजून टाकली होती. दुसऱ्या एका अ‍ॅपवर तर मी आमचं कंपाउंडच मुक्कामाची जागा म्हणून टाकलं होतं : ‘पाणी एक दिवसाआड. वॉचमन आहे, उठवू नये. आवाज : हो.’ चार स्टार दिले होते.

आम्ही टेप घेऊन खाली गेलो. बस कमानीपेक्षा चार बोटं उंच निघाली.

म्हणजे झालं असं. कमिटीने एकाच मीटिंगमध्ये दोन ठराव केले. एक, गेटवर सिमेंटची कमान बांधावी. दोन, कंपाउंडमधली बस बाहेर काढावी. दोन्ही ठराव सेक्रेटरी हरेश्वरकाकांनी मांडले आणि एकमताने मंजूर झाले. कमान आधी बांधून झाली.

हरेश्वरकाका तिथेच उभे होते, कमानीला लाल रिबीन बांधून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे येणार होते.

“सावित्रीताई, उद्या पाहुणे यायच्या आत बस बाहेर पाहिजे. फोटोत पिवळं काहीतरी येतं.”

“तुमच्या कमानीतून जात नाही ती.”

“मग सोमवारी भंगारवाला येईल. आतच कापून नेईल. धवलशी माझं बोलणं झालंय.”

मावशीने टेप गुंडाळत काकांकडे बघितलं. ती असं बघते तेव्हा समोरच्याचा पाय आपोआप क्लचवर जातो.

“माझ्या बसबद्दल धवलशी?”

“मुलगा आहे तुमचा.”

“आणि तुम्ही माझे विद्यार्थी. रिव्हर्समध्ये तीनदा नापास झालात. मी गेले होते का तुमच्या आईशी बोलायला?”

हरेश्वरकाकांनी रिबीनची गाठ सोडून परत बांधली.

मग धवलचा फोन आला. “आई, हट्ट सोड ना. विमानाचं तिकीट काढतो. मदुराईला उतरायचं, पुढे टॅक्सी. संध्याकाळी धनुष्कोडी.”

“मला पोचायचं नाहीये रे. मला जायचंय.”

“त्यात फरक काय?”

मावशीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, “सकाळी टायरची हवा काढ.”

रविवारी सकाळी मी चारही बाजूंच्या चाकांची हवा कमी केली. बस दोन बोटं खाली आली. अजून काढली असती तर चाकं रिंगवर आली असती. बाजूला मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या आणि इस्त्रीच्या कपड्यांतली सगळी बिल्डिंग तिथे बसून आमच्याकडे बघत होती. उद्घाटनाला वेळ होता, आणि आम्ही फुकट होतो.

तेवढ्यात वसई गावातून उर्सुला आंटी रिक्षातून आली. ती मावशीबरोबर निघणार होती. सामान बघून रिक्षावाला कुठे बसला होता हा प्रश्न पडला. सुकेळी म्हणजे वसईची वाळवलेली केळी, तांदळाचं पीठ, कोळंबीचं लोणचं, मदर मेरीची तसबीर आणि दोन उश्या. “तिकडच्या उशीवर मला झोप नाय लागत,” आंटी म्हणाली आणि मागे पलंगावर जाऊन बसली.

माझ्या मोबाइलमध्ये लेव्हलचं अ‍ॅप चालू होतं. गवंड्याकडे असते तशी बुडबुड्याची लेव्हल. मुक्कामाला गाडी सपाट उभी नसेल तर भाजीचा रस्सा एका बाजूला जातो, म्हणून घेतलेलं. बुडबुडा हलला. बस मागून खाली गेली होती. मी बुडबुड्याकडे बघितलं, मग आंटीकडे बघितलं. मोठ्याने काही बोललो नाही, मी इतका शूर नाही.

“आंटी, जरा पुढे येऊन बसता?”

आंटी पुढे आली. बुडबुडा उलट मागे गेला.

मी मावशीच्या कानात सांगितलं. मावशीने मांडवातल्या भरलेल्या खुर्च्यांकडे नजर फिरवली, जशी पेट्रोलच्या काट्याकडे फिरवतात.

“हरेश्वर, बस काढते. पण तुमची माणसं लागतील. सगळी. आत.”

“आत कशाला?”

“वजनाला.”

हरेश्वरकाका नाही म्हणणार होते. पण तेवढ्यात पाहुण्यांचा फोन आला की ते तुळिंजला ट्रॅफिकमध्ये अडकलेत, पाचेक मिनिटांत पोचतात. काका मांडवाकडे वळून ओरडले, “चला सगळे! बसमध्ये बसून घ्या! उद्घाटन नंतर!”

ज्यांनी बस हटवायच्या ठरावावर सह्या केल्या होत्या ते सगळे रांगेने बसमध्ये चढले. पलंगावर, बेसिनवर, टॉयलेटच्या दारात. जागृतीकाकू टॉयलेटमध्येच बसली आणि आतून म्हणाली, “चांगलं आहे की.”

“मॅडम, बेल्ट कुठाय?”

“तू बेल्ट कधी लावला होतास, प्रितेश? आता कशाला नाटकं?”

“अहो, माझ्या साडीवर लोणचं सांडलं!”

मी कमानीखाली उभा होतो. अजून एक बोट कमी पडत होतं. बाहेर दोन माणसं शिल्लक होती, वॉचमन आणि हरेश्वरकाका.

“वॉचमनला घ्या,” काका म्हणाले.

“मग गेट कोण उघडणार?”

काका हातात उद्घाटनाचा नारळ घेऊन चढले आणि मावशीच्या डाव्या बाजूला बसले. बस अगदी हळू, मनाविरुद्ध, आणखी एक बोट खाली आली.

“मावशी, हाफ क्लच!” मी ओरडलो.

“तू मला शिकवतोस?”

बस निघाली. रिबीन सोडायची राहिली होती. ती काचेला लागली, ताणली, बरीच ताणली आणि तुटली. सवयीने आत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. छत कमानीला घासत गेलं आणि कमानीला पिवळी रेघ पडली, ती अजून आहे. मी धावत मागच्या दाराला लटकलो.

“झालं, झालं! थांबवा!” हरेश्वरकाका म्हणाले.

बस आचोळे रोडला लागली.

“ताई, थांबवा!” काकांचा उजवा पाय समोरचा पत्रा जीव खाऊन दाबत होता. “थांबत का नाहीये?”

“तिकडे ब्रेक नाहीये, हरेश्वर,” मावशी म्हणाली. “म्हणूनच घेतली ही बस.”

समोरून प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. काकांनी खिडकीतून नारळासकट नमस्कार केला. पाहुण्यांनीही केला. शाळेच्या बसला करतात तसा, कौतुकाने.

तुळिंजला पंक्चरवाल्याकडे हवा भरायला मावशीने बस थांबवली, आणि गगनविहार सोसायटी एकेक करून फुटपाथवर उतरली. पंक्चरवाल्याने विचारलं, सहल कुठे निघाली?

“आता आम्ही परत कसे जाणार?” काका म्हणाले.

“चालत. माणसं जातात तुमच्या कमानीखालून.” मावशीने त्यांच्या हातातला नारळ घेतला, पुढच्या चाकाजवळच्या दगडावर फोडला आणि पहिला तुकडा त्यांनाच दिला. काकांनी तो खाल्ला. दुसरं काय करणार होते?

हायवेला लागलो तेव्हा धवलचा फोन आला. उर्सुला आंटीने उचलला. “बाळा, आई गाडी चालवते. चालवताना फोनवर बोलायचं नसतं. तुला पण तिनेच शिकवलं ना?” आणि ठेवला.

मग बसचा आवाज बदलला. बेसिनमधले चमचे आधी वाजायला लागले आणि मग एकदम गप्प झाले. चौथा गिअर. मावशीचा डावा हात गिअरवरच होता, आपलाच आहे ना हे बघत असल्यासारखा.

“मावशी, परत आल्यावर आत कसं न्यायचं हिला?”

“परत आल्यावर बघू. तो रस्ता अजून आलेला नाही.”

मी वसई फाट्याला उतरणार होतो. सोमवारी ऑफिस होतं. फाटा आला आणि गेला. मला कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. अ‍ॅप उघडलं. धनुष्कोडी. ‘मार्ग सापडला.’ मग कमानीची जुनी नोंद शोधून मी तिच्यात दुरुस्ती केली :

‘उंची कमी. तरी बाहेर पडता येतं. सगळे शेजारी सोबत घ्यावेत, विशेषतः सेक्रेटरी.’